छपराखालचीं फुलें आणि उजेडाचें माप

शेतकऱ्यानें जमीन मोजावी, पाणी मोजावें, खत तोलावें व माल तोलून द्यावा, हें आतां कोणास नव्यानें सांगावें लागत नाहीं. बांधाचा वाद निघाला तर आपण मोजणी आणवितों. काट्यांत थोडा फरक दिसला तर अडत्याशीं भांडतों. परंतु पिकाच्या साऱ्या वाढीचें मूळ जो उजेड, तो मात्र आपण अद्याप अंदाजानेंच घेतों व अंदाजानेंच देतों. उघड्या शेतांत हें खपून जातें, कारण तेथें देणारा सूर्य आहे आणि आपण केवळ घेणारे आहों. पण ज्या दिवशीं आपण पिकावर छप्पर घालतों, मग तें प्लॅस्टिकचें हरितगृह असो, शेडनेटची जाळी असो, कीं घराची पडवी असो, त्या दिवसापासून उजेड किती द्यावयाचा हें ठरविण्याचें काम आपण सूर्याकडून काढून आपल्या हातीं घेतों. काम हातीं घ्यावें आणि माप मात्र हातीं घेऊं नये, ही रीत आम्हांस बरोबर वाटत नाहीं. याविषयीं आमच्या शेतकरी बंधूंपुढें चार गोष्टी मांडाव्या, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा विषय आतांच कां, असें कोणी विचारील. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा झाला, त्यास पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मिरची, पपई, केळी, ऊंस व कापूस हीं आपलीं ओळखीचीं पिकें कायम आहेत. तरी बागाइती गांवांतील कांहीं होतकरू तरुण आतां जाळीखालीं वा प्लॅस्टिकखालीं फुलें घेण्याचें धाडस करूं लागले आहेत. जरबेरा, शेवंती, कार्नेशन, ॲन्थुरियम हीं नांवें पूर्वीं शहरांतल्या फुलवाल्याच्या तोंडीं असत, तीं आतां आपल्या पारावर ऐकूं येतात. धाडस स्तुत्य आहे. पण तें खर्चाचें आहे. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानांतून अशा बांधकामाच्या ठरीव खर्चाच्या निम्म्यापर्यंत अनुदान मिळूं शकतें. उरलेला निम्मा भाग, रोपें, ठिबक, मजुरी व व्याज हें सारें शेतकऱ्याच्या माथीं राहतें. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यांत बोजा चढतांना आम्हीं पुष्कळ पाहिला, आणि तो उतरतांना त्या मानानें थोडा पाहिला. म्हणून ज्या कारणानें फूल लागत नाहीं व बोजा उतरत नाहीं, तें कारण स्वस्तांत दूर होण्याजोगें असेल तर तें उघड सांगणें आम्ही कर्तव्य समजतों.

अशा बांधकामाची तपासणी होते तेव्हां पाइपाची जाडी पाहतात, क्षेत्र मोजतात, प्लॅस्टिक किती मायक्रॉनचें तें पाहतात, छायाचित्रें घेतात. हें सर्व आवश्यकच आहे. परंतु आंत पानावर उजेड किती पडतो, असा रकाना आमच्या पाहण्यांत आलेल्या एकाही कागदांत नव्हता. जाळी विकणाराही विचारीत नाहीं. ‘उन्हाळा कडक आहे, पंचाहत्तर टक्क्यांची घ्या,’ असें सांगून एकच जाळी जरबेऱ्यास, शेवंतीस व मिरचीच्या रोपवाटिकेस देणारा दुकानदार आम्हीं पाहिला आहे. औषधाच्या दुकानांत एकच गोळी सर्व रोग्यांस दिली तर आपण त्यास काय म्हणूं ?

प्रथम डोळ्याची गोष्ट. मनुष्याचा डोळा हें उत्तम यंत्र आहे, पण तें मापाचें यंत्र नव्हे. उन्हांत त्याची बाहुली आकसते, सावलींत ती पसरते. त्यामुळें उजेड दसपट कमी झाला तरी आपणांस तो थोडासाच कमी वाटतो. उजेड मोजण्याचें रूढ माप लक्स हें आहे. एका मेणबत्तीचा उजेड एक मीटर अंतरावर जेवढा पडतो, सुमारें तेवढा एक लक्स. आपल्याकडे मे महिन्यांतील निरभ्र दुपारीं उघड्या शेतांत सुमारें एक लाख लक्स उजेड असतो. आभाळ भरलेल्या पावसाळी दिवशीं तोच दहा-वीस हजारांवर उतरतो, आणि ढग काळे असले तर त्याहूनही खालीं जातो. घराच्या खिडकीपासून दोन-तीन हातांवर, जेथें ऊन पडत नाहीं तेथें, तो हजार-दीड हजार असतो, माजघरांत शंभर-दोनशें. म्हणजे ज्या माजघरांत आपण विनासायास पोथी वाचतों, तेथें उन्हाच्या पांचशेंव्या हिश्शाएवढाच उजेड असतो. वाचणाऱ्यास तो पुरतो. झाडास तो उपास आहे.

हें आपणांस अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. मिरचीचें रोप दाट सावलींत टाकलें तर तें उंच, बारीक, फिकट होतें, कांड्या लांबतात आणि लावणीनंतर वाऱ्यानें आडवें पडतें, हें आपल्या जिल्ह्यांतील मुलासही ठाऊक आहे. नंदुरबारच्या पथारींवर मिरची वाळविणाऱ्या मजुरास आजचें ऊन कालच्याहून किती उणें हें हातानें कळतें. तेंच ज्ञान छपराखालीं नेतांना आपण विसरतों, कारण छपराखालीं गेल्यावर उन्हाचा चटका थांबतो व मनुष्यास तेथें बरें वाटतें. जें आपणांस बरें वाटतें तें झाडासही बरें वाटत असेल, असें आपण धरून चालतों. तेथेंच घात होतो.

आतां झाडांची गरज पाहूं. सर्व फुलझाडें एका पंगतींत बसणारीं नाहींत. गुलाबास साठ-सत्तर हजार लक्स उजेडही मानवतो. जरबेरा व कार्नेशन यांस दुपारच्या वेळीं चाळीस हजारांच्या आसपास उजेड लागतो. डेंड्रोबियम जातीच्या ऑर्किडास पंचवीस-तीस हजार, ॲन्थुरियमास पंधरा ते वीस हजार, फॅलेनॉप्सिस ऑर्किडास व आफ्रिकन व्हायोलेटास दहा हजारांच्या सुमारास. हे आंकडे तंतोतंत धरावयाचे नाहींत. जात, हवा व झाडाचें वय यांप्रमाणें ते खालीं-वर होतात. परंतु गुलाब व ॲन्थुरियम यांच्या गरजेंत तिपटी-चौपटीचें अंतर आहे, एवढें लक्षांत ठेवलें तरी एकाच जाळीखालीं दोन्ही लावण्याची चूक टळेल.

येथें एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. लक्स हें माप मनुष्याच्या डोळ्यासाठीं ठरविलेलें आहे. डोळ्यास हिरवट-पिंवळा उजेड फार तेजस्वी दिसतो. पान मात्र तांबडा व निळा उजेड अधिक खातें. म्हणून शास्त्रज्ञ पानाच्या उपयोगाचे प्रकाशकण मोजतात व तें माप मायक्रोमोल या नांवानें सांगतात. उन्हासाठीं त्याचा हिशेब सोपा आहे : लक्सच्या आंकड्यास चोपन्नानें भागावें. चाळीस हजार लक्स म्हणजे सुमारें ७४० मायक्रोमोल, दर चौरस मीटरास, दर सेकंदास. पांढऱ्या एलईडी दिव्याखालीं चोपन्नाऐवजीं सुमारें सत्तरानें भागावें लागतें. आणि पर्जन्यमापकांत जसा दिवसाचा पाऊस गोळा करून पाहतात, तशी उजेडाचीही दिवसाची बेरीज होते. ती मोल या मापांत सांगतात. दहा लाख मायक्रोमोल म्हणजे एक मोल. बारा तास सरासरी २५० मायक्रोमोल उजेड मिळाला तर दिवसाचे १०.८ मोल झाले. आफ्रिकन व्हायोलेटास दिवसास चार ते सहा मोल पुरतात. शेवंती व जरबेरा यांस चांगलें फूल येण्यास दहा-बारा किंवा अधिक लागतात. गुलाब विसाच्या आसपास मागतो. दुपारची एक सर जोराची आली म्हणून जसा पावसाळा चांगला गेला असें होत नाहीं, तसेंच दुपारच्या एका आंकड्यावरून दिवसाचा उजेड ठरत नाहीं. सकाळ-संध्याकाळही मोजली पाहिजे.

जाळीचा हिशेब तर पुष्कळांस चकवितो. पन्नास टक्क्यांच्या जाळीवर पस्तीस टक्क्यांची जाळी घातली तर पंच्याऐंशी टक्के सावली होते असें समजतात. तसें नाहीं. पहिल्या जाळींतून शंभरांतले पन्नास खालीं आले, त्या पन्नासांतले पस्तीस टक्के दुसरीनें अडविले, उरले साडेबत्तीस. म्हणजे सावली साडेसदुसष्ट टक्के झाली. आतां हरितगृह घ्या. नवें स्वच्छ प्लॅस्टिक शंभरांतले सुमारें ऐंशी आंत सोडतें. आपल्या खानदेशची धूळ, पाइपांची सावली व प्लॅस्टिकचें वय धरलें तर पासष्ट येतात असें समजूं. मे महिन्याच्या एक लाखाचे पासष्ट हजार झाले. आंत पन्नास टक्क्यांची जाळी ओढली तर साडेबत्तीस हजार. जरबेरा थोडी कुरकुर करील, पण दुपारच्या चार तासांपुरता निभावून नेईल. तेंच बांधकाम ऑगस्टमधील ढगाळ दिवशीं पाहा. बाहेर वीस हजार, प्लॅस्टिकखालीं तेरा हजार, जाळीखालीं साडेसहा हजार. जाळी तीच, झाड तेंच, शेतकरी तोच. पण झाड अर्धपोटीं नव्हे तर जवळ जवळ उपाशीं आहे. मग कळी गळते, दांडा बारीक होतो, फूल मान टाकतें, आणि आपण दुकानांत जाऊन टॉनिक आणतों.

हिंवाळ्याविषयींही आपला समज तपासला पाहिजे. नंदुरबार सुमारें २१ अंश २२ मिनिटें उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यांत व पुन्हां जुलैच्या मध्यास सूर्य दुपारीं बरोबर डोक्यावर येतो. डिसेंबरच्या २२ तारखेस मात्र तो दुपारींही क्षितिजावर ४५ अंशच चढतो. आकाश निरभ्र असलें तरी तिरप्या किरणांमुळें जमिनीवर एक लाखाऐवजीं सत्तर हजारांच्या सुमारास उजेड पडतो. दिवसही लहान असतो. जूनमध्यें आपला दिवस सुमारें १३ तास २५ मिनिटांचा, तर डिसेंबरांत १० तास ५० मिनिटांचा. सत्तर हजारांचे प्लॅस्टिकखालीं साडेपंचेचाळीस हजार होतात. हे जरबेऱ्यास अगदीं योग्य आहेत. त्यावर उन्हाळ्यांतली जाळी तशीच ताणलेली राहिली तर ते तेवीस हजार होतात. आणि फुलांस भाव मिळतो तो याच लग्नसराईच्या दिवसांत. तेव्हां ज्या फुलांस उजेड हवा, त्यांवर कायमची शिवलेली जाळी नसावी, ती दोरीनें सरकणारी असावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. सरकती जाळी बसविण्यास खर्च थोडा अधिक येतो. पण न सरकणारी जाळी वर्षांतले आठ महिने जें खाऊन टाकते, त्यापुढें तो कांहींच नाहीं. त्याबरोबरच दसऱ्याच्या आधीं एकदां प्लॅस्टिक वरून धुऊन काढावें. दसऱ्यास आपण घर सारवतों, अवजारें पुसतों. त्यांत हें एक काम वाढलें.

कोणी म्हणेल, ‘जाळी आम्ही उजेडासाठीं घालीत नाहीं, उन्हाळ्याच्या तापासाठीं घालतों. आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसाच्या वर जातो, त्याचें काय ?’ हा आक्षेप खरा आहे, आणि गोंधळाचें मूळही येथेंच आहे. उजेड व उष्णता हीं दोन निरनिराळीं खातीं आहेत. एकाच्या नांवाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यांत लिहूं नये. ताप कमी करावयाचा तर प्रथम वारा खेळविला पाहिजे : बाजूचे पडदे उघडावे, माथ्यावरचा झरोका मोठा ठेवावा, बारीक तुषारांनीं हवा दमट करावी. इतकें करूनही ताप राहिला तर अकरा ते चार या वेळांत जाळी ओढावी व चारानंतर उघडावी. सकाळचें कोंवळें ऊन तापवीत नाहीं, पण झाडाचें पोट भरतें. तें अडविणें म्हणजे घरच्या गाईचें दूध सांडून देणें होय. जाळी निवडतांनाही काळी जाळी ऊन शोषून स्वतः तापते, चंदेरी पट्ट्यांची जाळी तें परत फेंकते, हा भेद ध्यानांत घ्यावा. हिरवी जाळी आपल्याकडे फार रूढ आहे. तिच्याखालीं डोळ्यास गार व तेजस्वी दिसतें, कारण ती डोळ्याच्या आवडीचा हिरवा रंग खालीं सोडते. पानाच्या आवडीचा भाग मात्र त्या मानानें कमी पोंचतो. लक्सचें यंत्रही तेथें डोळ्याप्रमाणेंच फसतें व उजेड आहे त्याहून बरा दाखवितें. म्हणून फुलांसाठीं पांढरी किंवा चंदेरी जाळी आम्हांस अधिक पसंत आहे.

उजेडाचें दुसरें एक काम आहे, तें अन्नाचें नव्हे, घड्याळाचें. १९२० सालीं अमेरिकेच्या शेती खात्यांतील गार्नर व अलार्ड या दोघां शास्त्रज्ञांनीं तंबाखूच्या एका जातीवर प्रयोग करून दाखविलें कीं, कित्येक झाडें फुलावयाची वेळ दिवसाच्या लांबीवरून ओळखतात. पुढें असें कळून आलें कीं झाड खरें म्हणजे रात्रीची लांबी मोजतें. आपली शेवंती याच वर्गांतली. रात्र मोठी होऊं लागली कीं ती कळी धरते, म्हणून तिचा बहर दिवाळीच्या पुढेंमागें येतो. दांडा लांब हवा असेल तर लावणीनंतर कांहीं आठवडे मध्यरात्रीच्या सुमारास तीन-चार तास दिवे लावून रात्र तोडतात; झाड पुरेसें वाढलें कीं दिवे बंद करतात, मग कळी धरते. या कामास झाडाच्या शेंड्यावर शंभर लक्सच्या आसपास उजेड पुरतो. उन्हाळ्यांत फूल हवें असेल तर उलट काळें कापड टाकून रात्र लांबवितात.

यांतून एक गोष्ट मनांत घट्ट धरावी. अन्नासाठीं दहा हजार लक्सही अपुरे पडतात, आणि घड्याळ बिघडविण्यास शंभर लक्सही पुष्कळ होतात. शेवंतीच्या गृहाजवळ रस्त्याचा दिवा रात्रभर जळत असेल, किंवा राखणदारानें खांबावर मोठा दिवा टांगला असेल, तर त्या बाजूच्या ओळी उशीरां फुलतात वा फुलतच नाहींत. घरीं कुंडींत लावलेली पॉइन्सेटिया दिवाणखान्याच्या दिव्याखालीं तांबडी होत नाहीं, त्याचेंही कारण हेंच. खतांत दोष शोधण्याआधीं रात्रीं एक फेरी मारून कोणता उजेड कोठें पडतो तें पाहावें.

आतां घरांतील फुलझाडांविषयीं. आमच्या वाचकांच्या घरच्या स्त्रिया पडवींत व ओट्यावर कुंड्या ठेवतात आणि फूल कां येत नाहीं म्हणून विचारतात. मोगऱ्यास उघडें ऊन लागतें. तो घरांत पानें देईल, कळ्या देणार नाहीं. घरांत ठेवण्याजोगीं फुलझाडें म्हणजे ॲन्थुरियम, स्पॅथिफायलम, आफ्रिकन व्हायोलेट, फॅलेनॉप्सिस, कांहीं बेगोनिया. यांसही खिडकीचा उजेड हवाच. पूर्वेची खिडकी सर्वांत उत्तम. दक्षिणेच्या पडवींत हिंवाळ्यांत ऊन आंतवर येतें, कारण सूर्य तिकडे कललेला असतो. जूनमध्यें तो डोक्यावर व किंचित् उत्तरेस जातो, तेव्हां तीच पडवी दिवसभर सावलींत राहते. म्हणून एकच जागा वर्षभर चांगली नसते. कुंडी ऋतूबरोबर हलवावी. पश्चिमेचें एप्रिल-मेचें ऊन पानें भाजतें, तेथें पातळ पांढरा पडदा लावावा. यंत्र नसेल तर एक घरगुती परीक्षा आहे. दुपारीं पानाच्या वर वीतभर-दीड वीत हात धरावा. सावली ठळक व कांठ स्पष्ट असतील तर उजेड भरपूर. सावली पुसट असेल तर मध्यम. सावलीच नसेल तर तेथें फुलाची आशा करूं नये.

दिवा लावून फूल आणूं पाहणाऱ्यांनींही हिशेब करावा. खोलींत छतावर दिवा असतो व झाडावर त्याचा उजेड फार तर कांहींशें लक्स पडतो. तो एक हजार धरला तरी पांढऱ्या एलईडीचे चौदा मायक्रोमोल झाले. बारा तासांत दिवसाची बेरीज ०.६ मोल. व्हायोलेटास चार हवे, तेव्हां हा दिवा वर्षभर जाळला तरी वीजबिल फुलेल, झाड फुलणार नाहीं. तोच दिवा खालीं आणून पानावर आठ हजार लक्स पडतील असा टांगला तर बारा तासांत सुमारें पांच मोल मिळतात. लहान दिव्याचें अंतर दुप्पट केलें तर उजेड निम्मा नव्हे, चतुर्थांश होतो; अंतर निम्मे केलें तर चौपट होतो. म्हणून दिव्याची शक्ति वाढविण्याआधीं त्याची दोरी लांबवावी. मात्र झाडास रात्रीची विश्रांति द्यावी. चोवीस तास दिवा ठेवूं नये.

झाडही आपली तक्रार सांगत असतें. कांड्या लांबल्या, पानें मोठीं पण पातळ व फिकट झालीं, शेंडा एका बाजूस वळला, कळ्या पिवळ्या होऊन गळाल्या, तर उजेड कमी आहे. पानांवर पांढरट वा तपकिरी डाग पडले, पानांच्या कडा वळल्या, दांडे आंखूड व फुलांचा रंग विटका झाला, तर उजेड वा ताप अधिक आहे. डेंड्रोबियमाचें पान गर्द हिरवें व सुंदर दिसत असून फूल नसेल तर मालकानें संतोष मानूं नये. तें सावलीचें लक्षण आहे. किंचित् पिवळट हिरवें पान तेथें चांगलें. आणि रोप सावलींतून उन्हांत नेतांना आठ-दहा दिवस लावून पायरीपायरीनें न्यावें. एका दिवसांत नेलें तर जुनीं पानें भाजतात.

‘आमचे बाप-आजे यंत्र घेऊन शेती करीत नव्हते,’ असें कांहीं वडीलधारे म्हणतील. त्यांचा अनुभव आम्हांस शिरसावंद्य आहे. पण तो उघड्या आभाळाखालचा अनुभव होता. प्लॅस्टिकखालचा अनुभव अद्याप कोणाच्याच आज्यास नव्हता. जेथें वारसा नाहीं तेथें मापाचाच आधार घ्यावा लागतो. दुसरे म्हणतील कीं हा आणखी एक खर्च. साधें लक्समापक यंत्र एका फवारणीच्या औषधाच्या खर्चांत येतें. भ्रमणध्वनींतही असें माप दाखविण्याची सोय असते. तिचा आंकडा विश्वासाचा नसला तरी एकाच यंत्रानें आंत व बाहेर पाहून दोहोंचें प्रमाण काढण्यास ती चालते.

म्हणून आमच्या सूचना पुढीलप्रमाणें आहेत. पहिली, आपल्या संस्थेनें एक चांगलें लक्समापक यंत्र विकत घेऊन तें सभासदांस पाळीपाळीनें द्यावें. दुसरी, छपराखालीं फूल घेणाऱ्या प्रत्येक सभासदानें उजेडाची वही ठेवावी. यंत्र झाडाच्या शेंड्याइतक्या उंचीवर आडवें धरून, सकाळीं आठ, दुपारीं बारा व चार वाजतां, आंत पांच ठिकाणीं व लगेच बाहेर एका ठिकाणीं मापावें. महिन्यांतून एक निरभ्र व एक ढगाळ दिवस पुरे. त्याच ओळींत जाळी ओढलेली कीं उघडी, आणि त्या आठवड्यांत फुलें किती काढलीं, हें लिहावें. आम्हीं जन्मभर पीकपाहणीचे कागद चाळले. त्यांतून शिकलों तें एवढेंच कीं, जें वेळच्या वेळीं लिहिलें जातें त्याचाच पुढें उपयोग होतो. तिसरी, कोळदा येथील कृषि विज्ञान केंद्रानें व राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें या वह्या एकत्र करून आपल्या जिल्ह्यासाठीं महिनेवार तक्ता करून द्यावा : कोणत्या फुलास कोणत्या महिन्यांत जाळी किती व किती तास. तळेगांव किंवा पुण्याच्या हवेवरचा तक्ता तापी खोऱ्यास तसाच लागूं पडणार नाहीं, आणि शहाद्याचा तक्ता तोरणमाळच्या थंड हवेस लागणार नाहीं. चौथी, अनुदानाच्या तपासणीच्या नमुन्यांत उजेडाचा एक रकाना घालावा. पाइप मोजणाऱ्या अधिकाऱ्यास तेवढें एक माप घेण्यास दोन मिनिटें लागतील. त्या दोन मिनिटांत कित्येक शेतकऱ्यांचें वर्ष वांचेल.

फुलांचा धंदा नाजूक आहे. त्यांत बाजारभाव, वाहतूक व रोगराई यांवर आपला ताबा थोडा. उजेडावर मात्र, छप्पर आपणच घातलें असल्यामुळें, ताबा पूर्ण आहे. जें आपल्या हातचें आहे तें तरी अंदाजावर सोडूं नये, अशी आमची सर्व सभासदांस विनंति आहे. येत्या पावसाळ्यांत आभाळ भरलें म्हणजे प्रथम जाळी उघडावी, आणि मग यंत्र घेऊन आंत जावें.